क्याईच्या घासलेल्या पट्ट्या

"सुगिनेम, आज परत तेच! तुझी पट्टी चढी बोलते आणि तुला ऐकूही येत नाही?"

पाक मार्तोयोंनी रबाबाचा गज मांडीवर ठेवला तशी सगळी वाद्यं एकामागून एक थांबली. शेवटी मोठ्या गाँगचा घुमारा तेवढा पेंडोपोच्या, गावाच्या त्या उघड्या मंडपाच्या, छताखाली रेंगाळला. रविवारची सकाळ होती. तालमीला गावातली निम्मी माणसं कठड्याला टेकून ऐकत बसलेली.

बू सुगिनेम मान खाली घालून बसल्या. त्यांच्यासमोर गेंदेर होतं, बांबूच्या नळ्यांवर टांगलेल्या पातळ काशाच्या पट्ट्यांचं. दोन्ही हातांत चकतीच्या दांड्या धरायच्या, पुढची पट्टी वाजवायची आणि तेवढ्यात मागची तळहाताच्या कडेने दाबून गप्प करायची. हे त्या आईच्या मांडीवर बसून शिकलेल्या.

"माझ्या कानाला तर बरोबर लागतंय, पाक," ढोलकावरून जारोत म्हणाला.

"तू चामडं बडव. सुराचं माझ्यावर सोड."

जारोत हसला आणि गप्प बसला. बाकीचेही गप्प बसले. आमच्या गावात रबाब धरणारा पुढे चालतो आणि बाकीचे त्याच्या मागून जातात. त्यात पाक मार्तोयोंनी इथल्या बहुतेकांचे हात स्वतः धरून त्यांना शिकवलेलं. आमच्याकडे थोर बाईला बू म्हणतात आणि थोर पुरुषाला पाक, म्हणजे बाप; त्यांना चूक म्हणायचं म्हणजे बापालाच चूक म्हणायचं.

आमच्या वाद्यांच्या संचाला आम्ही क्याई म्हणतो, घरातल्या थोरल्यासारखं. त्याच्यावरून कोणी पाय टाकून जात नाही. त्या क्याईला कानस लावायचं पाक मार्तोयोंनी ठरवलं. सूर लावणारा तुगिमान आला. त्याने गेंदेरची पट्टी वाजवली, पुन्हा वाजवली आणि डोकं खाजवलं.

"पाक, ही जागेवर आहे."

"जागेवर असती तर तुला बोलावलं असतं का? पोटातून घास."

पट्टी पोटातून घासली की सूर उतरतो. तुगिमान घाशी, पाक मार्तोयो डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "अजून." खाली अंथरलेल्या कागदावर पिवळा भुगा पडत राहिला. गेंदेरच्या वरच्या सगळ्या पट्ट्यांचं असं झालं.

पुढच्या तालमीला क्याई कडवट वाजला. ज्याने त्याने शेजाऱ्याकडे चोरून पाहिलं. पाक मार्तोयो मात्र खुशीत होते. "आता कसं!" असं म्हणून त्यांनी गज ओढला. त्यांच्यामागे जाताना बू सुगिनेमच्या दांड्या अडखळू लागल्या. अर्ध्यातच त्यांनी हात आवरले.

"पाक, मला माफ करा. मला हे वाकडं ऐकू येतंय. माझेच कान गेले असतील."

"मग घरी बस थोडे दिवस," पाक मार्तोयो म्हणाले, आणि तेही सहज. बू सुगिनेमनी दांड्या पदरात गुंडाळल्या आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या. त्यांना कोणी थांबवलं नाही.

मग एका दुपारी जारोतने पाकना फोनवर जुन्या तालमीचा एक तुकडा पाठवला. तुगिमान यायच्या आधीचा. पाकनी तो उजव्या कानाला लावला. गेंदेर चढं! ते बायकोला, लासियेमला, म्हणाले, "ऐक, ऐक, ही बघ कशी वाजवायची!" तेवढ्यात लासियेमने चहाचा ग्लास पुढे केला. तो घ्यायला पाकनी फोन डाव्या हातात घेतला, डाव्या कानाशी नेला.

गेंदेर सुरात होतं. इतकं सुरात, की त्यांना सुगिनेमची आई आठवली.

त्यांनी फोन उजव्या कानाला नेला. चढं. डाव्या कानाला. सुरात. चहावर माशी बसली तरी त्यांचा फोन या कानाचा त्या कानाला होतच राहिला.

ते तडक पेंडोपोत गेले. डावा कान तळव्याने दाबून त्यांनी घासलेली पट्टी वाजवली, मग उजवा दाबून वाजवली, तर ती उतरलेली बोलली. गेंदेर नेहमी त्यांच्या उजव्या हाताला, त्या बिघडलेल्या कानाशी असायचं. ते तिथेच चटईवर बसले. भर दुपारी रस्त्याने जाणाऱ्या बाईने "काय पाक, जेवलात का?" असं विचारलं, तर त्यांनी चोरासारखं तोंड फिरवलं.

नंतर ते घरात नीट बोलेनात. लासियेमने शेवटी विचारलं, "तेंपे खारट झालंय का? की माझं तोंड बघवत नाही?" तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि ताट उचलता उचलता म्हणाली, "मला सांगून काय होणार? मी का गेंदेर वाजवते?"

बू सुगिनेम अंगणात सुपांवर कसाव्याच्या फोडी वाळत घालत होत्या. पाकना बघून त्या लगबगीने उठल्या, हात पुसले, खुर्ची आणायला वळल्या. तो मान बघून पाकना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बसायला नाही आलो, दिक," ते धाकट्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाले. "तुझे कान चांगले आहेत. माझा उजवा गेलाय. पट्ट्याही बरोबर होत्या. मीच..."

बू सुगिनेमनी पुसलेले हात पुन्हा पदराला पुसले.

"मी दवाखान्यात जाऊन आले, पाक," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कान ठणठणीत आहेत. मी बसमध्ये स्वतःशीच म्हटलं, तिला काय कळतं? पाक मार्तोयो म्हणतात ते खोटं कसं असेल?"

पाकनी सुपातली एक फोड उचलली आणि परत ठेवली.

"नातीला झोपवताना गुणगुणायची मी. तेही सोडलं. पोरीच्या कानात वाकडा सूर नको बसायला." त्यांचा आवाज चढला. "माझ्या आईने दिलेले कान होते हो! तुम्ही एकदा म्हणालात आणि मी ते फेकून दिले!"

"मला माफ कर."

"इथे कोंबड्यांसमोर? जिथे म्हणालात तिथे म्हणा." आणि त्या पुन्हा फोडी पसरायला बसल्या. खुर्ची तशीच दारात राहिली.

रविवारी पाक मार्तोयो रबाब न काढताच उभे राहिले. बू सुगिनेम आलेल्या होत्या. कठड्याशी, ऐकणाऱ्यांत बसलेल्या. पाकनी सांगितलं. सांगताना त्यांचे हात पोटाशी जुळलेले होते आणि नजर फरशीवर. कठड्याशी कुजबुज झाली. कोणीतरी खुदकन हसलं.

जारोतला ते बघवेना. "जाऊ द्या पाक, वय झालं की कान सगळ्यांचेच जातात."

"कान गेला त्याची लाज नाही रे. तिला माझ्यावर शंका आली नाही आणि मलाही माझ्यावर एकदाही आली नाही, त्याची आहे."

मग कोणी हसलं नाही. बू सुगिनेम उठल्या, वाद्यांना वळसा घालून आपल्या जागी आल्या. पाक मार्तोयोंकडे त्यांनी पाहिलं नाही.

तुगिमानला पुन्हा बोलावलं. या खेपेस बू सुगिनेम ऐकायला बसल्या. पट्ट्यांची टोकं घासून त्याने सूर वर आणले. पण त्या पातळ झाल्या होत्या. दोन पट्ट्यांचा आवाज तर वाजताच विझायचा. "कासं परत चिकटवता येत नाही," तुगिमान म्हणाला. पाक मार्तोयो तिथेच उभे होते. त्यांनी ऐकलं.

रबाब त्यांनी आपल्याच शिष्येकडे, जारोतच्या थोरल्या बहिणीकडे दिला आणि स्वतः केथुक घेतला, पालथ्या वाटीसारखा एकच सूर असलेला. त्याला लय लागते, कान फारसा लागत नाही. नवशिक्यांना बसवतात त्यावर.

भाताची कापणी झाल्यावर गावाची पूजा आली. सोलो शहरातून पाहुणे वादक आलेले. त्यातल्या एकाने जेवणाआधी कौतुकाने गेंदेरवर हात फिरवला, दांडीने एक पट्टी वाजवली आणि तोंड वाकडं केलं.

"अरेरे! क्याईच्या पट्ट्यांची कोणी वाट लावली? कोण मूर्ख होता?"

पाक मार्तोयोंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ते उठायला लागले. गुडघ्यावर हात टेकून, तोंड उघडून.

"जुन्या झाल्यात," बू सुगिनेम म्हणाल्या. "तुम्ही दमून आलात. आधी जेवून घ्या."

पाहुणा मान डोलावत पानावर जाऊन बसला. पाक मार्तोयो अर्धवट उठलेले, तसेच राहिले. पेंडोपोत सांगितलं होतं त्या रविवारी त्यांना रडू आलं नव्हतं. आता आलं. ते कोणाला दिसू नये म्हणून ते केथुकाची दोरी पुन्हा पुन्हा घट्ट करत बसले.

"पाक," बू सुगिनेम त्यांच्या डाव्या बाजूला येऊन हळू म्हणाल्या, त्यांना नीट ऐकू जाईल असं. "जेवायला चला. भात निवतोय."