चोवीस पटीची दुर्बीण

"चोवीस पटीची दे," ऑल्विन पेचनं रायफल माझ्या दुकानाच्या काउंटरवर ठेवली. "त्याहून मोठी असली तर ती."

"कोल्हे मारायचेत की चंद्रावरचे खड्डे मोजायचेत?" मी म्हणालो. "एवढी मोठी लावली की समोरचं वीतभरच दिसतं. कोल्हा जरा हलला की गेला. बारा पटीची पुरते, हे तुम्हीच शिकवलंत मला."

"शिकवलं ना? मग आता मुकाट्यानं लाव."

डार्लिंग नदीच्या या काठावर मेंढ्या व्यायला लागल्या की लोक चाळीस वर्षं कोल्हे मारायला ऑल्विनलाच बोलवत आले. कोल्हे पुरत्या न जन्मलेल्या कोकराचीही जीभ खातात. ऑल्विननं मात्र जखमी कोल्हासुद्धा कधी तडफडत सोडला नव्हता. बायको गेल्यावर घरात तो आणि त्याची तांबडी कुत्री टिली, एवढंच.

"टिली दिसत नाही गाडीत?"

"नाही आणली."

मी दुर्बीण धरणाऱ्या रिंगा रायफलवर बसवल्या, स्क्रू आळीपाळीनं आवळले, पाणसळ ठेवून दुर्बिणीतली फुली सरळ केली. गोळी आत ढकलणारा बोल्ट काढून नळीतून पाहिलं आणि रस्त्यापलीकडच्या कोठारावरचा पांढरा ठिपका धरला. फुली अजून त्याच्या हातभर डावीकडे होती.

"डोळ्याला अंतर जमतंय का बघा."

तो वाकला. "झकास. फुली ठिपक्याच्या मधोमध."

 मी दुर्बिणीवरची चकती फिरवून फुली पार छपराच्या वर नेली.

"आणि आता?"

"सांगितलं ना एकदा, मधोमध!"

"ऑल्विन, फुली आभाळात आहे."

तो तसाच वाकून राहिला.

"मधलंच तेवढं जातं," तो म्हणाला. "तुझे कान दिसतात मला. तोंड नाही दिसत."

"दोन्ही डोळ्यांचं?"

"दोन्ही. डॉक्टर म्हणाला, चष्म्यानं काही व्हायचं नाही. म्हटलं, मोठ्या दुर्बिणीनं तरी..." त्यानं नाक पुसलं. "मंगळवारी तिन्हीसांजेला कुंपणापाशी तांबडं काहीतरी हललं. तीस पावलांवर. जवळ जाऊन उचलायला गेलो, तर हाताला गळ्यातला पट्टा लागला."

मी चकतीवरचा हात काढला.

"पहिल्याच गोळीत गेली," तो म्हणाला. "तेवढं तरी बरं झालं."

मी स्क्रू सैल करायला घेतले. त्यानं अडवलं नाही. काउंटर चाचपत त्यानं बोल्ट शोधला आणि माझ्याकडे सरकवला.

"रायफल राहू दे तुझ्यापाशीच. कुणा चांगल्या माणसाला दे."

रायफल कपाटात ठेवून मी दुकान बंद केलं आणि त्याच्या मागोमाग बाहेर आलो. चाळीस किलोमीटर तो एकटाच गाडी चालवत आला होता. चालकाच्या दाराशी तो थांबला, खिशातून किल्ली काढली आणि माझ्या दिशेनं धरली. मग बॉनेटवरून हात फिरवत पलीकडे गेला, बाजूच्या सीटवर बसला आणि दार स्वतःच ओढून घेतलं.