केशराच्या खोलीतला एसी

“याच्या तोंडासमोर काही म्हणजे काही ठेवायचं नाही. कुंडी नाही, सायकल नाही, वाळत घातलेली चादर नाही. तोंड मोकळं राहिलं, तर हा म्हातारा अजून दहा वर्षं ओढेल.”

मला बसवून झाल्यावर अभय मिस्त्री हे बोलला, ते माझ्या अजून कानात आहे. ऐकायला वैदेही एकटीच होती. तिच्या सासूबाई, राधाबाई, तेव्हा देवळात गेल्या होत्या. त्यांच्या कानावर घालायची, एवढी एकच गोष्ट त्या दिवशी राहून गेली.

मित्रांनो, मी दीड टनाचा एक जुना स्प्लिट एसी. माझा जन्म कारखान्यात झाला, पण डोळे उघडले ते दादरच्या एका दातांच्या दवाखान्यात. तिथं आठ वर्षं मी घाबरलेल्या माणसांच्या कपाळावरचा घाम पुसला. पुढे दवाखान्याला नवा, गुळगुळीत अंगाचा एसी आला आणि मला जिन्याखाली उभं केलं. दोन पावसाळे मी तिथं धूळ खाल्ली. आता आपण भंगारात जाणार, असं मी मनाशी धरून चाललो होतो. तेवढ्यात वैदेही आली, माझ्या अंगावरची धूळ तिनं ओढणीनं पुसली आणि विचारलं, “हा सतरा अंशांवर दिवसरात्र राहील?” मला बोलता आलं असतं, तर मी ओरडूनच सांगितलं असतं, राहीन म्हणून.

माझी शरीरं दोन आहेत. एक खोलीत, भिंतीवर. दुसरं बाहेर, गॅलरीत लोखंडी स्टँडवर. आतल्या तोंडानं मी गार श्वास सोडतो आणि खोलीतली उष्णता बाहेरच्या तोंडानं गॅलरीत फेकतो. त्यामुळे काळाचौकीच्या या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आत काय चाललंय आणि बाहेर काय बोललं जातंय, दोन्ही मला कळतं.

वैदेहीनं आतली खोली केशरासाठी घेतली होती. भिंतींना थर्माकोल, चार मजली मांडण्या, मांडण्यांवर लाकडी ट्रे आणि ट्रेमध्ये कांद्याएवढे केशराचे कंद. केशराच्या कळीला गारवा लागतो आणि ओलावाही. मी गारवा देतो, पण देता देता हवा कोरडी करून टाकतो. मग वैदेही ओली गोणपाटं टांगायची, पाण्याची वाफ सोडायची. मी सुकवायचं आणि तिनं भिजवायचं, असं आमचं गोडीगुलाबीचं भांडण अखंड चालू असे.

आता तुम्ही विचाराल, थंडीत एसी कशाला? अख्खी चाळ हेच विचारत होती.

“काय गो वैदेही, मनालीक जावचा हा की काय?” शेजारचे दत्ताराम हसायचे. ते गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते. आता छातीत कफ धरतो, म्हणून सकाळ झाली की खुर्ची ओढून माझ्या गरम वाऱ्याच्या कडेला बसायचे. “बाहेर माका शेकता, आत फुलांका गारठवता. असो जावई माका मिळाक होयो होतो!”

पण गेल्या वर्षी वैदेहीनंही चाळीचंच ऐकलं होतं. डिसेंबरात पहाटे गारवा पडला, लोकांनी स्वेटर काढले, तसं तिनं मला बंद केलं. मित्रांनो, मुंबईची थंडी पहाटेची पाहुणी. दुपारी खोली तापली, सव्वीस, सत्तावीस. कळ्या मातीच्या रंगाच्या झाल्या आणि एकही फूल न उमलता हंगाम गेला. केशर वर्षातून एकदाच फुलतं. दुसरी संधी पुढच्या वर्षी.

म्हणून या वर्षी सगळं टांगणीला लागलं होतं. वैदेहीच्या नवऱ्यानं, विनीतनं, गावाहून परत येणाऱ्या मोठ्या भावाला सांगून टाकलं होतं, की या मार्गशीर्षात फूल दिसलं नाही, तर आतली खोली तुम्हाला राहायला मोकळी करून देऊ. कंद या वर्षीही उशिरा आले होते आणि कळ्या नेमक्या मार्गशीर्षात धरल्या होत्या. एक फूल. वैदेहीला फक्त एक फूल दाखवायचं होतं.

मीही मन लावून चाललो. कधी पहाटे फार गारठा पडला, की माझ्या आतल्या नळ्यांवर बर्फ धरायचा. वैदेही माझा आवाज ओळखून उठायची, पाव तास नुसता पंखा चालवून बर्फ उतरवायची आणि मग “चला, महाराज” म्हणून पुन्हा कामाला लावायची. इतक्या मानानं मला दवाखान्यात कोणी हाक मारली नव्हती.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार उजाडला. राधाबाईंचं महालक्ष्मीचं व्रत, त्या दिवशी उद्यापन. राधाबाई फार हळू बोलणाऱ्या. चाळीतल्या नळावर त्यांचा आवाज कधी कोणी ऐकला नव्हता. पुढची खोली कंदांच्या खोक्यांनी भरलेली, म्हणून त्यांनी घट गॅलरीतच मांडला. तांब्यात पाच डहाळ्या, वर नारळ, नारळाला वेणी. समोर समई. वैदेही दुपारीच माटुंग्याला गेली होती, तिच्या कॉलेजच्या बाईंना कळ्यांचे फोटो दाखवायला.

पाच सवाष्णी जमल्या आणि राधाबाईंनी पोथी उघडली. पण समईची ज्योत काही केल्या ठरेना. माझा वारा तिच्यावर येत होता. एकदा दिवा शांत झाला. पुन्हा लावला, पुन्हा शांत झाला.

“वहिनी, हे काही बरं लक्षण नाही हो,” गंगुबाई पुटपुटल्या. चाळीतली प्रत्येक पूजा त्यांच्या नजरेखालून जाते.

राधाबाई उठल्या. आतून जाड गोधडी आणली आणि माझ्या बाहेरच्या तोंडावर नीट, चारी बाजूंनी पदर सारखे करून पांघरली. वर मला हात लावून म्हणाल्या, “तासभर सोस रे बाबा. देवीचं काम आहे.”

ज्योत सरळ झाली. आणि माझा श्वास कोंडला.

मी फेकलेली उष्णता गोधडीला आपटून माझ्याच अंगात शिरायला लागली. मी आणखी जोर लावला, आणखी तापलो आणि बंद पडलो. थोडं निवल्यावर पुन्हा सुरू झालो, पुन्हा बंद पडलो. आतल्या तापमापकाचा काटा अठरावर गेला. वीस. बावीस. कळ्या काही बोलत नाहीत, मित्रांनो, हेच फार वाईट असतं.

बायकांना जागा म्हणून दत्ताराम आपल्या दारात जाऊन बसले होते. जन्मभर शेकडो मागांच्या खडखडाटात एक बिघडलेला माग कानानं शोधणारा माणूस! तिसऱ्यांदा मी थांबलो, तसे ते काठी टेकत आले.

“वैनी, पोथी थांबय. ह्येका ताप इलो हा.”

“पोथी अर्ध्यावर सोडतात होय?” गंगुबाई कडाडल्या. “उठायचं नाही हं, वहिनी!”

राधाबाईंनी पानात बोट घातलं. एकदा देवीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तेवीस वर्षांच्या व्रतात त्या वाचता वाचता कधी उठल्या नव्हत्या.

“गंगुबाई, आतही कळ्याच आहेत,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

गोधडी काढताना त्यांच्या हाताला चटका बसला. दत्तारामांनी बटण बंद करायला लावलं. “धा मिनटां बसान ऱ्हवांदे तेका. मग चालू कर.”

“वाचतील ना हो कळ्या?”

“मशीन माझा, फुला तुझ्या देवीची,” दत्ताराम म्हणाले. मग जरा घुटमळून म्हणाले, “फूल इला, तर माका दाखय हां. दुधात केशर खूप बघलंय. फूल नाय बघूक कधी. थयसर आत येवक माका जमाचा नाय, छाती धरता.”

“सगळ्यात आधी तुम्हाला दाखवीन.”

“देवीच्या आदी? रागावतली ती.”

“तिचं माझं मी बघते,” राधाबाई म्हणाल्या.

दहा मिनिटांनी मी सुरू झालो. वारा सुटला, ज्योत डगमगली. तेव्हा गंगुबाईच पहिल्यांदा सरकल्या. “बघता काय? बसा पाठी करून!” त्या पाच जणी थोड्या अंतरावर माझ्याकडे पाठ करून, पदर पसरून अर्धगोल बसल्या. समई त्यांच्या आडोशाला उभी राहिली. माझ्या घरघरीत पोथी ऐकू येईना, म्हणून राधाबाईंनी आवाज चढवला. खालच्या मजल्यावरची माणसं वर बघायला लागली, की हे कोण वाचतंय!

वैदेही परत आली, तेव्हा आतला काटा एकवीसवर होता. राधाबाईंनी तिला चप्पलही काढू दिली नाही. “माझ्या हातून झालं. गोधडी मी घातली.”

वैदेही धावतच आत गेली. सगळ्यात वरच्या ट्रेमधल्या कळ्यांनी माना टाकल्या होत्या. खालच्या ट्रेंचं काही सांगता येत नव्हतं. ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली, तेव्हा डोळे पुसलेले होते. राग आला नाही, असं मी म्हणणार नाही. माझ्यासमोर उभी राहून तिनं एक मोठा श्वास घेतला.

“गेल्या वर्षी मी स्वतःच याला बंद केलं, आई. तेव्हा तुम्ही मला एक शब्द बोलला नव्हता.”

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं तुमच्या घरात मुकाट्यानं राबतात. आमची काळजी घ्या म्हणजे आम्हाला हार घाला, असं नाही. आमचा श्वास कुठून आत येतो आणि कुठून बाहेर जातो, एवढं घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. एकाला सांगून भागत नाही. प्रेमानं घातलेली गोधडीसुद्धा गुदमरवते, हे मी अंगानं अनुभवलं आहे. आणि आमचा सूर बदलला, तर हातातलं काम ठेवून उठा. पुढचं आम्ही बघतो. त्या रात्री मी काटा सतरावर आणला आणि तिथून हलू दिला नाही.

शुक्रवारी पहाटे राधाबाई आंघोळ करून उत्तरपूजेच्या तयारीला लागल्या होत्या. आतून वैदेहीची हाक आली, “आई!” एवढीच.

सगळ्यात खालच्या ट्रेमध्ये, अगदी कोपऱ्यात, एक जांभळं फूल उमललं होतं. आत तीन लालभडक तंतू. त्याच्या शेजारी आणखी सात कळ्यांची तोंडं सुटली होती. वैदेहीनं फूल खुडलं, चांदीच्या छोट्या ताटलीत ठेवलं आणि सासूबाईंच्या हातात दिलं. “ठेवा देवीसमोर.” विनीत झोपेतून उठून दारात आला आणि ताटलीकडे बघतच राहिला.

राधाबाई गॅलरीत आल्या. घटासमोर क्षणभर थांबल्या, मान लववली. मग फुलाला वारा लागू नये म्हणून ताटलीवर पदर धरला, माझ्यासमोरून जरा अंतर राखून वळल्या आणि पावलांचा आवाज न करता दत्तारामांच्या दाराकडे चालू लागल्या.