नोंदवायचं राहून गेलेलं बक्षीसपत्र

मी बक्षीसपत्राचा एक जुना कागद बोलतोय. विस्कॉन्सिनमधल्या एका लहानशा गावात ऑगस्ट वोझ्नी नावाचे सुतार होते. १९६६ साली त्यांनी आपलं घर थोरल्या मुलाला, क्लेमला, दिलं ते माझ्यावर लिहून. वकिलाच्या कचेरीत, टंकयंत्राचे फटके खात माझा जन्म झाला. ऑगस्टनी सही केली, मला क्लेमच्या हातात ठेवलं आणि बजावलं, "सोमवारी काउंटीच्या कचेरीत जाऊन नोंदवून घे. विसरशील हं!"

क्लेम विसरला. त्या आठवड्यात हरणांच्या शिकारीचा हंगाम होता. त्याच्या बायकोने, अर्लीनने, मी हरवू नये म्हणून मला शिवणयंत्राच्या खणात, चेन आणि बटणांच्या पाकिटांखाली ठेवलं. तिथे मी त्रेपन्न वर्षं राहिलो. डोक्यावर पडदे शिवले गेले, मुलीचे झगे शिवले गेले. हे घर माझ्या जिवावर उभं आहे, अशा तोऱ्यात मी होतो.

मग क्लेम गेला. ब्याऐंशी वर्षांच्या अर्लीनला जिने चढवेनात. मॅडिसनला मुलीने, जोलीनने, तिच्यासाठी खोली तयार केली. घराला गिऱ्हाईकही मिळालं, एक शिक्षक आणि त्याची गरोदर बायको. तेवढ्यात टायटल कंपनीची डार्सी आली. विकणाऱ्याचं घर खरंच त्याचं आहे का, हे जुनी दफ्तरं चाळून पाहायचं आणि घेणाऱ्याला तशी हमी द्यायची, हे तिचं काम. दोघी शिवणाच्या खोलीतच बसल्या.

"अर्लीनकाकू, दफ्तरात हे घर अजून ऑगस्ट वोझ्नींच्या नावावर आहे."

"अगं, मामंजींना जाऊन चाळीस वर्षं होत आली!"

"म्हणूनच तर. म्हणजे धाकट्या मुलाचाही हक्क पोचतो. नॉर्बर्टकाकांचा. तो घोळ सुटेपर्यंत आम्हाला हमी देता येणार नाही, आणि हमीशिवाय बँक त्या जोडप्याला कर्ज देणार नाही."

अर्लीनचा चेहरा पडला. नॉर्बर्टने वडिलांचं अकॉर्डियन कुणाला न विचारता विकलं, तेव्हापासून तीस वर्षं या घराशी त्याचं बोलणं नव्हतं. "त्या माणसाच्या दारात मी जायचं? त्यापेक्षा इथेच मरेन."

"घर दिल्याचा काही कागद होता का?"

"होता की! कुठे ठेवलाय, देव जाणे."

बायबल झटकलं, बिस्किटांचे डबे उपडे केले, मदतीला आलेल्या जोलीनने तर फ्रीजरसुद्धा पाहिला. मी आतून ओरडत होतो, पण कागदाचा आवाज कुणाला ऐकू जाणार! माझा तोरा तर डार्सीच्या पहिल्या वाक्यालाच उतरला होता.

शेवटी डार्सीने विचारलं, "काकू, तेव्हा रोज तुमचा हात कुठे जायचा?" अर्लीन एकदम उठली आणि तिने खण ओढला.

डार्सीने मला सरळ केलं, शेवटपर्यंत वाचलं आणि साक्षीदारांच्या सह्यांवर बोट ठेवलं. "वकिलाचा कारकून, आणि दुसरे... नॉर्बर्ट वोझ्नी! हा कागद ऑगस्टनी जिवंतपणी क्लेमकाकांना दिला, एवढं त्यांनी लिहून दिलं की झालं. फोन मी करते."

नॉर्बर्ट दुसऱ्याच दिवशी आला. दोन तास गाडी चालवून. दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"वहिनी, बाबांनी माझ्यासमोर दिलं हे घर. ते क्लेमचंच."

"मला वाटलं, तुम्ही वाटा मागाल."

"अकॉर्डियन विकलं म्हणून मी काय चोर झालो?"

"नाही हो. पण वाजवायचात इतकं वाईट, की विकलंत तेच बरं!"

तो खो खो हसला. अर्लीनने डोळे पुसले आणि खसखशीच्या रोलचा भला मोठा तुकडा कापून त्याच्यापुढे सरकवला. मग टायटल कंपनीत जाऊन डार्सीच्या मेजावर त्याने जबाब लिहून दिला.

मला काउंटीच्या कचेरीत नेलं. शिक्का बसला, क्रमांक मिळाला, दफ्तरात माझी प्रत गेली. त्रेपन्न वर्षांनी मी जगाला माहीत झालो! पुढच्याच आठवड्यात अर्लीनने किल्ल्या त्या शिक्षकाच्या बायकोच्या हातात दिल्या आणि गाडीत बसताना म्हणाली, "सुटले बाई!"

आता मी मॅडिसनला तिच्या कपाटात, एका फाइलमध्ये असतो. घर दुसऱ्यांचं झालं, माझं काम संपलं. फार हलकं वाटतं. तुमच्या घरात असा सही झालेला, न नोंदवलेला कागद असेल, तर त्याला बाहेर काढा. आज कचेरी उघडी असेल, तर आजच घेऊन जा.