टपालाच्या गोळ्या

आयनो सारेला हा म्हातारा मार्लिसचं औषधाचं दुकान टाळायला लागला, त्याला दोन महिने होत आले होते.

मिनेसोटातल्या लोखंडाच्या खाणीत उभी हयात घालवलेला हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा गडी. रक्तदाबाच्या गोळ्या आधी मार्लिसच्या बापाकडून, मग तिच्याकडून, अशी तीस वर्षं नेत आलेला. जानेवारीत विमा कंपनीचं पत्र आलं. रोजची औषधं यापुढे आमच्याच दुकानातून टपालानं मागवा, नाहीतर पदरचे पैसे भरा. आयनोनं मुकाट्यानं सही केली, पण मार्लिसला सांगायला तोंड होईना. मग तो लाकडाच्या वखारीमागून गाडी घालू लागला. खोकला झाला तेव्हा औषधाच्या बाटलीसाठी चाळीस मैलांवरच्या गावाला गेला.

मार्चमध्ये चर्चच्या तळघरात पॅनकेकची न्याहारी होती. आयनो बशी घेऊन बसतो न बसतो तोच समोरची खुर्ची ओढून मार्लिस बसली.

"काय हो, माझ्या दुकानात साप निघाला की काय?"

"नाही गं पोरी." आयनो पाकात काटा फिरवत राहिला. "कंपनीनं टपालानं घ्यायला लावलंय. तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

मार्लिस खो खो हसत सुटली. शेजारच्या टेबलावरून पाद्रीबाबा म्हणाले, "मलाही आलंय ते पत्र. मी तर त्याच दिवशी तिच्याकडे जाऊन रडून आलो."

"ते सोडा," मार्लिस आयनोकडे निरखून बघत म्हणाली. "चेहरा का असा उतरलाय?"

"उठलं की गरगरतं. वय झालं."

"वयाचं मी बघते. सोमवारी घरातल्या सगळ्या बाटल्या घेऊन या."

सोमवारी त्यानं पिशवी काउंटरवर रिकामी केली. गोल गुलाबी गोळ्या तिच्याकडच्या, उरलेल्या. लांबट पांढऱ्या टपालाच्या. नावं वेगळी, औषध एकच. आयनो इमानेइतबारे दोन्ही गिळत होता.

"कंपनीनं काही सांगितलं नाही?"

"सांगणार कोण? फोन केला की वीस मिनिटं बाजा ऐकवतात."

मार्लिसनं तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला, गुलाबी गोळ्या काढून घेतल्या आणि पांढऱ्या सात कप्प्यांच्या डबीत वारानुसार भरून दिल्या. आठवड्यात गरगरणं थांबलं.

"पुढचं खोकं आलं की न फोडता इकडे आणायचं," तिनं बजावलं.

"अगं, पण त्यात तुला काय मिळणार?"

"तुमची बडबड. दुसरं काय!"

हे काही आयनोच्या मनाला पटेना. गोळ्या नाही तर नाही, दुकानातलं बाकी सगळं तर घेता येत होतं. दाढीचा साबण झाला, लोकरीचे मोजे झाले, शेवटी शुभेच्छांची डझनभर कार्डं झाली. त्यातलं एक त्यानं डुलूथ शहरातल्या बहिणीच्या वाढदिवसाला धाडलं. जन्मात त्यानं कुणाला कार्ड पाठवलं नव्हतं. ते हातात पडताच बहिणीचा घाबराघुबरा फोन आला.

"आयनो, खरं सांग, डॉक्टर काय म्हणाले?"

आयनो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. "ठणठणीत आहे गं मी! अजून अकरा पडलीत घरात. पुढचं तुझ्या मांजराला पाठवतो."