खिंडीतली शेपूट-कलेजी

आमच्या खिंडीतून मंगोलिया-रशियाची सीमा ओलांडायची तर बुडाखाली इंजिन हवं. पायी चालणारा माणूस दोन्ही सरकारांना मान्य नाही, आणि सायकलवरचा तर त्यांच्या लेखी माणूसच नाही. हा नियम कोणत्या शहाण्याने केला ठाऊक नाही, पण त्याच्यावर माझी चूल पेटते. नवरा गेला तेव्हा मागे एक रशियन खटारा गाडी आणि एक मुलगी ठेवून गेला. गाडी मी चालवायला घेतली आणि मुलीने मला.

त्या दिवशी खरं तर मी गाडीला हात लावणार नव्हते. मुलीसाठी, पेरीझातसाठी, सीमेपलीकडच्या कोश-आगाचहून सोयरीक पक्की करायला माणसं यायची होती. तिकडेही आम्हीच, म्हणजे कझाख. फक्त पासपोर्ट रशियन आणि नळाला गरम पाणी. पहाटेच मेंढा कापला होता. आमच्यात व्याह्यांनी एकमेकांना मेंढ्याच्या शेपटीची चरबी आणि कलेजी हाताने भरवली की सोयरीक झाली. मग कुणी कितीही आदळआपट करो, ती मोडत नाही.

पण आदल्या दिवशी सोरा नावाची एक कोरियन पोरगी सायकल घेऊन आमच्या दारात उभी राहिली होती. अख्खा मंगोलिया एकटीने तुडवत आलेली, नाकाचं साल निघालेलं. तिची देशात राहायची परवानगी आज संपत होती आणि सीमेच्या फाटकावरच्या शिपायाने तिला गाडी शोधायला पिटाळलं होतं. पाहुणी ती पाहुणी, नाही कसं म्हणणार? मी तिची सायकल टपावर बांधली. शेवटचा घाटही तिला आपल्याच पायांनी चढायचा होता, म्हणून ती हिरमुसली होती. तिच्या मोडक्यातोडक्या रशियनमध्ये ती सांगत राहिली की तिला कुणाची मदत नको असते. मी म्हटलं, बाई गं, तुझा स्वाभिमान टपावर घट्ट बांधलाय, पलीकडे उतरवून देते.

निघताना पेरीझात खिडकीशी आली.

"लवकर ये. आणि आई, संध्याकाळी जरा तोंड आवर."

"मी काय बोलते गं?"

"जे बोलतेस ना, तेच."

माझी जाऊ राउझा धावत येऊन फडक्यात गुंडाळलेली वाटी सोराच्या मांडीवर ठेवून गेली. वाटेत खायला बाउरसाक, म्हणाली. तळलेल्या पिठाचे ते गोळे सोराने रात्री मूठमूठ खाल्ले होते. राउझा मनाची चांगली आहे, पण घरात चार पाहुणे आले की तिचा डावा हात उजव्याला विचारत नाही.

आता मनातलं सांगते. ही सोयरीक मला हवी होती, कारण पोरीचा जीव कोश-आगाचच्या त्या अस्खतवर जडला होता. आणि नको होती, कारण पोर सीमेपलीकडे गेली की तिला भेटायलाही मला शिक्के मारून घ्यावे लागणार. मोडली तर रडेल, महिनाभर माझ्याशी बोलणार नाही, पण माझ्याजवळ राहील. आईच्या मनात असलं काही येऊ नये म्हणतात. येतं.

आमच्या बाजूच्या फाटकावर पासपोर्टवर शिक्का पडला. एकदा तो पडला की गाडी मागे वळवता येत नाही, पुढेच जायचं. कच्च्या रस्त्याने धूळ खात खिंडीच्या माथ्यावर आलो. तिथे तारेचं कुंपण, एक रशियन शिपाई, आणि त्याच्या पायाशी डांबरी रस्ता सुरू होतो. कुंपणाजवळच्या दगडावर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी आणि लग्नकार्याचा कोट घातलेला एक म्हातारा बसला होता. तो अस्खतचा बाप, नुरगाझी. होणारा व्याही. एकटाच.

मी ब्रेक दाबला. होकार द्यायचा तर पाच-सात माणसं येतात, हसत, गात, खोड्या काढत. एकटा येतो तो नकार घेऊन येतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

कसे इथे अडकलात, विचारलं. म्हातारा एका मालट्रकमधून येत होता. चालकाला गाडी कशी चालवावी ते शिकवत होता. घाट संपेपर्यंत चालकाने ऐकून घेतलं आणि माथ्यावर उतरवलं. पुढे चालत जातो म्हटलं तर शिपाई जाऊ देईना, मागेही जाऊ देईना. मी मनात म्हटलं, वा! कुणाची मदत नको असणारी दोन माणसं एकाच रस्त्यावर, आणि माझ्या खटाऱ्याशिवाय दोघांचंही पाऊल हलत नाही.

"बसा गाडीत," मी म्हटलं. "पलीकडे हिला सोडते आणि तुम्हाला घेऊन परत फिरते. घरी मेंढा शिजतोय."

तो उठला नाही. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मला परत माझ्या घरीच सोड, कुलाश. तुझ्या घरी येऊन काय करू? शिजलेल्या मेंढ्यासमोर नाही कसं म्हणू? बरं झालं इथेच भेटलीस."

मग त्याने सांगितलं. त्याचे भाऊ यायला तयार नाहीत. एकाची गाय व्यायलीय, एकाची कंबर धरलीय, एक तर फोनच उचलत नाही. बायको म्हणते, जिची आई परक्या पुरुषांना गाडीतून फिरवते, ती पोर माझ्या चुलीशी नको. फोनवरून नकार देणं त्याला बरं वाटलं नाही, म्हणून तोंडावर सांगायला निघाला होता.

सुटले, असं आधी वाटलं. खोटं कशाला बोलू? आणि लगेच डोकं भडकलं. ज्या परक्या पुरुषांना मी फिरवते त्यात याचे तिन्ही भाऊ असतात, आणि घाटात गाडी लागून ओकणारे तेच. हे सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. पण पेरीझात आठवली. तोंड आवरलं. कसं आवरलं ते माझं मला माहीत.

एवढ्यात सोराला आपल्या घासातला घास द्यावा असं वाटलं. म्हातारा दमलेला दिसत होता, आणि आम्ही काय बोलतोय ते तिला ओ की ठो कळत नव्हतं. तिने फडकं सोडलं आणि वाटी त्याच्यापुढे धरली. आत बाउरसाक नव्हते. शेपटीच्या चरबीचे पांढरे काप होते, आणि त्यांच्यात कलेजी. व्याह्यांसाठी वेगळी काढून ठेवलेली वाटी राउझाने पोरीला शिदोरी म्हणून दिली होती.

आम्ही दोघं त्या वाटीकडे बघत राहिलो. सोरा मात्र 'घ्या ना, घ्या ना' करत वाटी पुढे ढकलत होती.

ती वाटी पुढे नेता येत नव्हती. पलीकडच्या फाटकावर नखाएवढं मांस सापडलं तरी कचऱ्यात टाकतात. मागे गाडी वळत नव्हती. आणि सोयरिकीचा हा घास कचऱ्यात किंवा कुत्र्याला टाकला असता तर त्या पापाला कोणतं पाणी पुरलं असतं?

"नुसतं जेवण समजा आणि खा," मी म्हणू शकले असते. भुकेल्या माणसाला तेवढी पळवाट पुरली असती. माझी पोरही घरात राहिली असती. ते शब्द ओठांपर्यंत आले होते. पण निघाले ते वेगळेच.

"भावांचं कळलं. बायकोचं कळलं. तुमचं काय?"

"मला कोण विचारतं?"

"मी विचारतेय."

त्याने बराच वेळ टोपीवरचे केस एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वळवले.

"पोरगा रोज रात्री फोनवर तिच्याशी बोलतो आणि हसतो," तो शेवटी म्हणाला. "माझ्या घरात इतकी वर्षं कुणी हसलं नव्हतं."

मी चरबी आणि कलेजी एकत्र बोटांत धरली आणि त्याच्या तोंडापुढे नेली.  हे जेवण वाढणं नव्हतं. पोर देणं होतं. क्षणभर वाटलं, याने तोंड वळवावं. त्याने तोंड उघडलं.

मग त्याने मला भरवलं. चरबी गार झाली होती, घशाखाली उतरेना. उतरवली.

"एकट्या माणसाचा होकार धरत नाहीत," त्याला आठवलं. "माझ्या बाजूने कुणीतरी हवं."

"ही आहे की. तुमची भाची."

सोराने घास तोंडात घेतला आणि तिचे डोळे पाण्याने भरले. पोरीने शूरपणे गिळलं मात्र. नुरगाझी म्हणाला, आमच्या नात्यातल्या बायका अशा प्रसंगी रडतातच, चांगला शकुन आहे. त्याने दोन्ही तळवे पसरून दुवा मागितली, आम्ही तिघांनी तोंडावरून हात फिरवले. शिपाई आमच्यात काही बेकायदेशीर घडतंय का ते बघत होता, पण जेवायला बंदी नव्हती. उरलेलं तिघांनी मिळून संपवलं. जास्त खाल्लं व्याह्याने.

पलीकडच्या फाटकावरच्या अधिकाऱ्याला एक गोष्ट समजेना. हा म्हातारा सकाळी रशियाबाहेर गेला, मंगोलियात शिरलाच नाही, आणि आता परत आलाय. इतका वेळ होता कुठे? नुरगाझीने सांगितलं, मुलाचं लग्न ठरवायला गेलो होतो. कुणाच्या घरी, विचारलं तर म्हणाला, कुणाच्याच नाही. त्या एका उत्तरापायी आम्हाला इतकं ताटकळत बसवलं की परतीचं फाटक बंद व्हायची वेळ झाली. बाहेर पडल्यावर सोराने सायकल उतरवून घेतली, मला मिठी मारली, मग मी शिकवलं तसं म्हाताऱ्याला मामा म्हणून नमस्कार केला आणि डांबरावरून सुसाट निघाली.

आता परत जाता येणार नव्हतं, म्हणून मी व्याह्यासोबत त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोने पेला काठोकाठ चहाने भरून माझ्यापुढे ठेवला. आमच्यात भरलेला पेला म्हणजे 'प्या आणि निघा'. ज्याने बसावं असं वाटतं त्याला घोट-दोन घोट ओततात, म्हणजे पुन्हापुन्हा ओतायला मिळतं. मी पेल्याला हात लावला नाही.

"शेपूट-कलेजी खाऊन आलोय," नुरगाझी कोट काढता काढता म्हणाला.

बाईने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या दाढीत चरबीचा कण अडकला होता, तो तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने पुसला. मग माझा पेला उचलून मोरीत ओतला आणि नव्याने चहा ओतला. तळाशी, दोन घोट.

तेवढ्यात फोन वाजला.

"आई, आहेस कुठे? घर माणसांनी भरलंय. ते लोक आलेच नाहीत." पेरीझातचा आवाज चिरकला होता.

"मी त्यांच्याच स्वयंपाकघरात आहे."



"तू काय बोललीस त्यांना?"

"काही नाही बोलले. भरवलं."

ती रडत होती की हसत होती ते कळलं नाही. मागून राउझा ओरडून विचारत होती, व्याह्यांची वाटी कुणी खाल्ली म्हणून.

"कसं आहे गं घर?" पेरीझातने हळूच विचारलं.

नळाचं सांगता आलं असतं. सासूचंही बरंच काही सांगता आलं असतं. पण आल्याआल्या, कोट काढायच्याही आधी, मी एकच गोष्ट बघून घेतली होती.

"चुलीसमोर खिडकी आहे," मी म्हणाले. "तिच्यातून खिंडीकडचा रस्ता दिसतो. मी येताना दिसेन तुला."