आमेननंतरचा प्रश्न

समीक्षा नवऱ्याचं घर सोडून गेली आहे, हे मला चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत कळलं, सगळ्या मंडळीबरोबर. प्रचारक दीपक माईकवर प्रार्थनेचे विषय सांगत होता. तो म्हणाला, "आजारी असलेल्या सलोमीबाईंच्या मुलीसाठी प्रार्थना करू. ती नवऱ्याला सोडून ठाण्यात एकटी राहते." सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी त्याच्याकडे बघत राहिलो. सलोमी माझी बायको आणि समीक्षा आमची एकुलती एक मुलगी.

दोन बाकं पुढे जावयाची मावशी बसली होती. संध्याकाळपर्यंत बातमी समीक्षाच्या सासरी पोचली. तोवर तिथे कोणाला काही ठाऊक नव्हतं. नवराबायको आपसात बोलत होते, कदाचित जमलंही असतं. ते बोलणं त्या दिवशी थांबलं.

समीक्षाचा फोन आला तेव्हा मी सलोमीला पेज भरवत होतो.

"मी फक्त आईला सांगितलं होतं. आईने तुम्हाला सांगितलं, आणि पप्पा, तुम्ही अख्ख्या मंडळीला," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

मी सलोमीला विचारलं. तिने माझ्यापासून लपवलं होतं, कारण मी तडक जावयाला जाब विचारायला गेलो असतो. ते खरंच आहे. दीपक दर बुधवारी तिच्यासाठी प्रार्थना करायला घरी यायचा, त्याच्याजवळ ती बोलली होती. "हे आपल्या दोघांत आणि देवात ठेव असं म्हटलं होतं त्याला," ती म्हणाली. मुलीला हे सांगायला तिने पुष्कळ फोन लावले. समीक्षाने आमचे कोणाचेच फोन घेतले नाहीत.

ईस्टरच्या आठवड्यात सलोमी गेली. समीक्षा दफनाला आली. कबरीच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिली, मूठभर माती टाकली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. ती निघण्याआधी मी तिला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "आता आईच्या नावावर ढकला."

दीपकला निवडणाऱ्या पंचांमध्ये मीही होतो. प्रचारकाची जागा दोन वर्षं रिकामी होती. आमच्याकडे उमेदवार आधी मंडळीपुढे उभा राहून आपली साक्ष देतो, देवाने आपल्याला कसं बदललं ते सांगतो. दीपकने दिलेल्या साक्षीला बायका रडल्या, दोन-तीन पुरुषही रडले. सलोमी रडली नाही. मांडवीच्या किनाऱ्यावरून घरी येताना ती मला म्हणाली की स्वतःबद्दल कोणीही चांगलंच बोलेल, तो आधी जिथे होता तिथल्या लोकांना विचारा.

मी ते बैठकीत मांडलं. आमचे अध्यक्ष आप्पा म्हणाले, "तिथे मी स्वतः फोन केलाय. सगळं चांगलं आहे." मग त्यांनी प्रार्थना केली आणि आम्ही आमेन म्हटलं. आमच्यात आमेन झाल्यावर प्रश्न विचारत नाहीत. विचारला तर याचा देवावर विश्वास नाही असं धरतात. आणि सांगणारे आप्पा होते. माझ्या लग्नात माझ्या शेजारी उभे राहिलेले, समीक्षाच्या बाप्तिस्म्याला तिचे धर्मपिता झालेले.

मे महिन्यात मी एसटीने घाट चढून दीपकच्या आधीच्या गावी गेलो. तिथल्या मंडळीचं काम यमुनाबाई नावाच्या बाई बघतात. त्या अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. मी कुठून आणि कोणाबद्दल विचारायला आलो ते सांगितलं.

"आता कशाला आलात?" त्या म्हणाल्या. "तुमच्या आप्पांना फोनवर सांगितलं होतं की सगळं. माणूस चोर नाही, दारुडा नाही. पण त्याच्या कानात काही घातलं तर देवाच्या आधी गावाला कळतं." त्या हसल्या. मग माझा चेहरा बघून चहा टाकायला आत गेल्या.

परत आलो तो थेट आप्पांकडे गेलो. ते पडवीत आंबे पेंढ्यात लावत होते. यमुनाबाई काय म्हणाल्या ते मी सांगितलं. त्यांनी नाकारलं नाही.

"माणूस मिळत नव्हता, शमुवेल. त्यात याच्या साक्षीला सगळी मंडळी रडलेली. त्यांना मी काय सांगणार होतो?"

"यमुनाबाईंनी तुम्हाला सांगितलं ते."

त्यांनी हातातला आंबा उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, तू दुःखात आहेस, आपण प्रार्थना करू. त्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. त्यांची प्रार्थना संपली, पण मी आमेन म्हटलं नाही.

मी म्हटलं, "समीक्षाला फोन करा. तुम्हाला काय माहीत होतं आणि तुम्ही आम्हाला काय सांगितलंत, ते तिला सांगा. माझ्यावर तिचा विश्वास नाही. तुमच्यावर बसेल."

"करतो," ते म्हणाले. "नक्की करतो."

पंचांनी दीपकला बोलावून समज दिली. त्याने तिथेही रडून साक्ष दिली आणि त्याला ठेवून घेतलं. मी पंच म्हणून राहिलो नाही. उपासनेला जातो, शेवटच्या बाकावर बसतो, कारण सलोमीला मागच्याच दफनभूमीत ठेवलं आहे. दर रविवारी दारात आप्पांना विचारतो. ते म्हणतात, "या आठवड्यात."

गणपती होऊन गेले. आप्पांनी समीक्षाला अजून फोन केलेला नाही.