कानाचा बुधवार

"आज किती?" डॉक्टर राजपुतांनी हात पुसता पुसता विचारलं.

"दोनच, साहेब. दोन्ही मोठी माणसं. पोर एकही नाही," सुगंधाबाई म्हणाल्या.

बुधवार हा कानाचा दिवस. डॉक्टर धुळ्याहून एसटीने येत, आणि तालुक्याच्या त्या दवाखान्यात सकाळपासून वाहत्या कानांची तीस-पस्तीस पोरं आयांच्या मांडीवर बसलेली असत. काडीला कापूस गुंडाळून एकेकाचा कान कोरडा करायचं काम सुगंधाबाईंचं. एकवीस वर्षं त्या हेच करत होत्या. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं. गावातली निम्मी पोरं त्या नावाऐवजी कानावरून ओळखत.

पण हा चौऱ्याण्णवचा ऑक्टोबर होता. सुरतेत प्लेग निघाला होता. तिकडून येणाऱ्या गाड्या माणसांनी भरून येत होत्या आणि गावात जो तो तोंडाला रुमाल बांधून फिरत होता. शाळा आणि बालवाड्या बंद होत्या.

"शाळा बंद, म्हणून सर्दी बंद," डॉक्टर म्हणाले. "सर्दीच नाही तर कान कशाला फुटेल? एकमेकांच्या तोंडावर शिंकायला पोरं एकत्र आहेत कुठे? मागच्या तीन वर्षांचे आकडे काढा, बाई. वर कळवण्यासारखी गोष्ट आहे ही."

सुगंधाबाई हो म्हणाल्या. आकडे काढताना त्यांना शनिवार आठवत राहिला.

त्या शनिवारी दुपारी दवाखान्याच्या मागच्या दाराशी एक माणूस आला होता. खांद्यावर पाचेक वर्षांची मुलगी.

"बाई, पोरना कान वाहस. तापबी शे."

"कुठले तुम्ही?"

"आठलाच शे. वना मनं नाव. सुरतले कामले व्हतू. परवदिन उनूत."

सुगंधाबाई दोन पावलं मागे सरल्या. थेंबांची बाटली त्यांनी उंबऱ्यावर ठेवली, हातात दिली नाही. "पंधरा दिवस इकडे यायचं नाही," म्हणाल्या आणि कडी लावली. मग दोनदा हात धुतले. मुलीचा कान त्यांनी पाहिलाच नाही.

गुरुवारी सकाळी त्या विचारत विचारत वनाकडे गेल्या. गावाने त्याला आत घेतलं नव्हतं. चुलत्याच्या मळ्यात, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत तो बायको-पोरीला घेऊन राहत होता. दारात त्याची बायको लताबाई बसली होती.

"आते कसाले उन्यात?" ती म्हणाली. "त्या दिन तं दार लायी लिधं."

सुगंधाबाई वाकून आत शिरल्या. मुलगी गोधडीवर पडली होती. डाव्या कानामागे लिंबाएवढी लालभडक सूज होती आणि कान पुढे ढकलला गेला होता. अंग तापाने भाजत होतं. सुगंधाबाईंनी तोंडावरचा रुमाल सोडला, तिच्याजवळ बसून सूज बोटाने हलकेच चाचपली. मुलगी किंचाळली.

"मनी चूक व्हयनी," त्या लताबाईला म्हणाल्या. "ऊठ. नऊनी गाडी शे. धुळ्याले जावानं."

एसटीत कुणीतरी सुरतेचं नाव काढलं आणि आजूबाजूच्या सीटा रिकाम्या झाल्या. कंडक्टर म्हणाला, "यांना खाली उतरवा."

"माझी पेशंट आहे," सुगंधाबाई म्हणाल्या. "प्लेग नाही, कान आहे. उतरवायचं तर मलाही उतरवा."

त्यांच्या दवाखान्याच्या पांढऱ्या साडीकडे बघून त्याने गाडी सोडायची घंटी मारली.

संध्याकाळी धुळ्याला ऑपरेशन झालं. पू मेंदूच्या अगदी जवळ पोचला होता, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मुलगी वाचली. डावा कान गेला.

पुढच्या बुधवारी राजपूत डॉक्टरांनी कागद तयार करून आणला होता. ऑक्टोबरात पोरांचे कान चौथाईवर आले, असं त्यात लिहिलं होतं. सुगंधाबाईंनी तो वाचला.

"साहेब, यात एक पोर नाही."

"कोणतं?"

"मी दारातून परत पाठवलं ते." त्यांनी सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी कागद परत हातात घेतला. "पण सर्दी कमी झाली हे खरंच आहे, बाई. माझ्या स्वतःच्या पोराचा कान या महिन्यात फुटला नाही."

"असेल, साहेब. माझ्या गल्लीतही नाही फुटला कुणाचा. पण भिऊन घरीच बसले ते किती, आणि बरे होते ते किती, हे मला सांगता यायचं नाही."

डॉक्टरांनी पेन उघडलं, खाली दोन ओळी लिहिल्या आणि कागद खिशात ठेवला. त्यांनी काय लिहिलं ते सुगंधाबाईंनी विचारलं नाही.

दिवाळीनंतर शाळा भरल्या. थंडी पडली तशी नाकं वाहू लागली, आणि मार्गशीर्षात बाकं पहिल्यासारखी भरली. त्याच गर्दीत एका बुधवारी लताबाई मुलीला घेऊन आली. ती सुगंधाबाईंशी बोलली नाही, पण मुलीला स्टुलावर बसवून आपण बाजूला उभी राहिली. सुगंधाबाईंनी पट्टी सोडली. जखम कोरडी होती.

"सरला, दुखस का वं?" त्यांनी विचारलं.

मुलगी समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

सुगंधाबाई थांबल्या. हातातली काडी त्यांनी ताटलीत ठेवली, आपलं स्टूल उचललं, मुलीच्या उजव्या बाजूला नेऊन टेकवलं आणि खाली बसून पुन्हा विचारलं.

"नही," सरला म्हणाली.